अक्काचं बटण

९ जून, सोमवार

अक्काचं मशीन आज पुसून मुळापासून पुन्हा उभं केलं. जुन्यावर काय काय आपोआप सुरू होत होतं याचा मलाच थांग लागेना. पुण्याच्या नोकरीत लोकांचे सर्व्हर सांभाळले, आता कुंभकोणमला घरी बसून तेच करतो, आणि घरातल्या एका लिनक्सवर हा पसारा. दिव्याखाली अंधार.

ठरवलं ते एकच. मशीन सुरू झालं की सगळ्यांच्या आधी अक्काचा कीबोर्ड स्क्रीनवर आला पाहिजे. नसा मरत जाण्याचा रोग हा. आधी पाय गेले, मग हात, दिवाळीपासून जीभ. डोकं लखलखीत शाबूत आहे, आणि तीच यातली मेख. डाव्या अंगठ्यात जीव उरलाय तेवढा. अंगठ्याखाली एक स्विच लावलाय. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी पाळीपाळीनं उजळतात. हवी ती ओळ आली की अक्का स्विच दाबते, मग त्या ओळीतलं अक्षर उजळेपर्यंत थांबून पुन्हा. वाक्य पुरं झालं की मशीन मोठ्यानं वाचतं. म्हणजे कीबोर्ड आहे तोवर अक्का बोलते. नसला तर मुकी.

हे सगळं सेशन मॅनेजरच्या हातात; सेशन म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतची एक बैठक. (इथून पुढं से.मॅ.) लग्नघरचा कारभारीच तो: कोणाला आधी उठवायचं, कोणाला मागून, कोण कोसळला तर त्याला पुन्हा उभा करायचं, आणि शेवटी सगळ्यांची बोळवण कशी करायची. क्रम लावला: कीबोर्ड, मग आवाज, मग लिहायची खिडकी, मग उरलेला गोतावळा. कीबोर्डला खास ताकीद, पडलास तर त्याच क्षणी उठायचं.

संध्याकाळी चालू करून दिलं. अक्काचं पहिलं वाक्य:

"तुझी कॉफी थंड जाली."

खरंच झाली होती.


११ जून

सकाळी मशीन बोललं: "पापाणीणी."

सेल्वी खदाखदा हसली. सेल्वी म्हणजे अक्काचं सगळं बघणारी. सुंदरपेरुमाळ कोयिलहून सकाळच्या गाडीनं येते, अंधार पडायच्या आत जाते. शाळेत अक्काच्याच हाताखाली गणित शिकली, म्हणून अजून तिला टीचर म्हणते. तिला हसताना बघून अक्काही हसली. आता तिचं हसणं म्हणजे खांदे हलणं. आवाज नाही.

चूक माझीच. कीबोर्ड सुरुवातीच्या यादीत घातलेला. शिवाय काल बंद करताना मी 'सेशन जपून ठेव' म्हणून बसलो, तेव्हा से.मॅ.नं कालचा कीबोर्डही इमानानं परत आणला. एकाखाली एक असे दोन, तंतोतंत. डोळ्याला एकच दिसतो, आणि प्रत्येक दाब दोघंही घेतात.

जपलेली सेशनं पुसून टाकली. कीबोर्डला सांगून ठेवलं, तुझी आठवण कोणी ठेवायची नाही, तू रोज नवा.

हसता हसता अक्काचा श्वास अडकला होता. सेल्वीनं पाठ चोळली, मान पुढं धरली, मग आला. ओठ निळे झाले होते. नंतर तिनंच लिहिलं, "भिऊं नको." मी भ्यालोच होतो.


१४ जून, शनिवार

आवाजाशी झटापट. मराठी आवाज मिळतो तो महाराष्ट्रातला, घासूनपुसून शुद्ध. अक्काचं बोलणं आमच्या घरातलं, तंजावरकडचं, पुण्याच्या लोकांच्या कानाला पणजोबांच्या काळातलं वाटणारं. माझं पुण्यात जाऊन सपाट झालं. सुरुवातीला ऑफिसात हसायचे, मग मीच बदललो. अक्का बदलली नाही. आता तिचे शब्द ती बाई वाचते.

"ही कोण पुण्याची बाई माझ्या तोंडांत बसली?"

वेग कमी केला, पट्टी उतरवली. विठ्ठल मठात एकादशीला अक्का पुढं बसून म्हणायची तो आवाज जाड होता, थोडा बसका, टाळांच्या वर चढणारा. तो रेकॉर्ड करून ठेवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी म्हणाली, "राहूं दे. चांगली मुलगी आहे. सांगटलें तेवढें बोलत्ये."


१९ जून

आज लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

दुपारी तिरुभुवनमला गेलो होतो. साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढणारा एक विणकर आहे, त्याचं मशीन उठेना. तिथं वेळ गेला. परत आलो तर सेल्वी दारातच, रडत. अक्का खुर्चीत. समोर लॉगिनची स्क्रीन, पासवर्डची रिकामी चौकट.

झालं असं की उजेड कोपऱ्यातल्या लॉगआउटवर आला आणि अंगठा त्याच क्षणी दाबला गेला. सेशन संपलं. सेशनबरोबर कीबोर्ड संपला. पासवर्ड टाइप करायला कीबोर्ड हवा, आणि कीबोर्ड यायला पासवर्ड. सेल्वीला पासवर्ड माहीत नाही. मी फोन खिशात मुका करून ठेवलेला.

अक्का डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. सेल्वीनं सगळं विचारून पाहिलं: पाणी? पंखा? उशी? पाठ? प्रत्येकाला डोळे फिरवून नाही. पायाकडं शेवटी लक्ष गेलं. खुर्चीच्या पायावरून मुंग्या चढून अक्काच्या घोट्यापर्यंत पोचल्या होत्या, लाल. सगळा पाय चावून काढलेला. हलवता येत नाही, पण कळतं सगळं. या रोगात ते जात नाही.

मी खोबरेल लावत बसलो.


२० जून

बंदोबस्त केला. से.मॅ.मध्ये एक सोय असते, सार्वजनिक ठिकाणच्या मशीनसाठी: लॉगआउट, बंद करणं, सगळ्याला कुलूप घालता येतं. ते कुलूप सिस्टिमच्या पातळीवर घातलं. फाइल माझ्या नावे, रूट म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा मी. अक्काच्या खात्यातून तिला हातसुद्धा लागणार नाही. बटण गायब. मशीन चुकून बंद पडलंच तर पासवर्ड न विचारता थेट तिच्या सेशनमध्ये उठेल.

चारचारदा तपासलं. आता अक्काला बाहेर पडताच येणार नाही. बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं.


२४ जून, मंगळवार

तंजावर. डॉक्टर तरुण आहेत, पण बोलताना घाई करत नाहीत. फुंकर मारून घेतात त्या यंत्रातला आकडा मागच्यापेक्षा खाली. छातीचे स्नायू थकतायत.

दोन वाटा. एक, गळ्याला छेद देऊन नळी, नळीला श्वासाचं यंत्र. त्यानं बरीच वर्षं मिळू शकतात, पण यंत्राला बांधलेली, आणि पुढं अंगठाही जाणार. दुसरी, नळी नाही. मास्क, औषधं, त्रास होऊ द्यायचा नाही, आणि जेव्हा व्हायचं तेव्हा.

मी तोंड उघडलं तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नाही. त्यांनी सांगायचंय. आणि त्यांना सांगता येतंय तोवर."

अक्कानं खुर्चीवर लावलेल्या मशीनवर लिहिलं, "विचार करून सांगत्यें." डॉक्टर थांबले. पुण्याच्या बाईनं ते वाचलं, आणि डॉक्टरांना मराठी येत नाही म्हणून मी तमिळमध्ये सांगितलं.

गाडीत म्हटलं, अक्का, विचार कसला? नळी घालायचीच. मी आहे ना.

वाटेतलं पापनाशम् गाव मागं गेलं तरी लिहीत होती.

"तुज कोण विचारलें?"


२ जुलै

आज अक्कानं बटण मागितलं.

"तें कोपऱ्यांतलें कुठें गेलें?"

म्हटलं काढलं. का काढलं तेही. पायावरचे डाग अजून गेले नाहीत.

"परत ठेव."

नाही म्हटलं. कारणं दिली. उजेडाचा वेग, अंगठ्याचा नेम, पासवर्डची चौकट. अर्धा तास मी से.मॅ. समजावत होतो आणि अक्का बघत होती. फळ्यापाशी उत्तर चुकवणाऱ्या मुलीकडं ती तशी बघत असणार. मग लिहिलं. त्या बाईच्या आवाजातही ते जड वाटलं.

"हें यंत्र दिवसभर माझें तोंड उघडें ठेवितें. मज बोलायचें नसलें तरी उघडें. तोंड मिटायचें माझें मज असूं दे."

मी उठून मागं विहिरीपाशी गेलो.

खरं कारण लिहितो. ती 'मिटायचें' म्हणाली तेव्हा मला बटण ऐकूच आलं नाही, नळी ऐकू आली. आज बटण दिलं की उद्या नळीला नाही म्हणेल. मला अक्का हवी आहे. यंत्राला बांधलेली, अंगठ्याविना, कशीही. आई गेल्यावर हिनं मला वाढवलं, माझ्यापायी स्वतःचं लग्न टाळलं, आणि ते कधी बोलून दाखवलं नाही. मी कोणासाठी परत आलो इथं?


३ जुलै

काही लिहिलं नाही तिनं. उजेड ओळींवरून फिरतोय, अंगठा स्विचवर आहे, दाबत नाही.


६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. मठातून टाळ ऐकू येत होते. दरवर्षी अक्का पुढं. मंडळींतले दोघं येऊन प्रसाद देऊन गेले. "अक्का, तुमच्याविना सूर लागत नाहीं," म्हणाले. अक्का त्यांच्याकडं बघून डोळ्यांनी हसली. मशीनला हात नाही.

सेल्वी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "टीचर पेसमाट्टेंगरांग, अण्णा." बोलत नाहीत.

म्हटलं, बोलू शकत नाही. मान हलवून तेच पुन्हा म्हणाली. बोलत नाहीत.

होय-नाही डोळ्यांनी. पाणी घेते, कांजी घेते, अंग पुसून घेते. रागाचं काही चिन्ह नाही. वर्गात गोंधळ झाला की खडू ठेवून नुसती उभी राहायची म्हणे. सेल्वी सांगते, छडीपेक्षा त्याचीच भीती वाटायची.


९ जुलै

काहीच सुचेना तेव्हा माझी जुनी सवय: मॅन्युअल काढून बसणं. से.मॅ. आणि प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम पुन्हा वाचले. नोकरीत कितीदा वाचले असतील. आज पहिल्यांदा वाचल्यासारखं वाटलं.

अक्कापाशी बसून तिला सांगितलं. ती ऐकत होती.

सेशन संपवायचं तर से.मॅ. कोणाला एकदम मारत नाही. आधी प्रत्येकाला निरोप धाडतो: तुझं जे आहे ते सावरून घे. मग थांबतो. सावरलं की प्रत्येकानं 'झालं' म्हणायचं. एखादा म्हणू शकतो, थांबा, मला मालकाला एक विचारायचंय. मग बाकीचे गप्प राहतात, त्याला विचारू देतात. आणि मालक म्हणाला, नको, आज नको, तर सगळंच रद्द. सगळे जिथल्या तिथं पुन्हा कामाला. सगळ्यांचं 'झालं' आल्यावरच शेवटचा निरोप जातो. तो एका शब्दाचा आहे. नियमात लिहिलंय: मर.

मी स्क्रीनकडं बघत राहिलो. उजेड एका ओळीवर थांबला.

"हें कोण लिहिलें?"

म्हटलं, माहीत नाही अक्का, जुनी गोष्ट आहे, कोणी इंजिनिअर असतील.

"घरांत कोणास तरी पोंचवून आलेला मनुष्य असेल."

मग थोड्या वेळानं:

"तूं मात्र एकदम दार लावलेंस, शेषू."


१२ जुलै, शनिवार

कुलूप काढलं.

नुसतं काढून भागत नव्हतं. मुंग्यांचा दिवस पुन्हा नको. दोन दिवस खटपट केली. आता अक्का बाहेर पडली की लॉगिनच्या स्क्रीनवर पासवर्डची चौकट येत नाही, आणि स्विच जिवंत राहतो. तिथं फक्त तिच्या स्विचकडं कान लावून बसलेला एक लहानसा प्रोग्राम ठेवलाय, सेशनच्या बाहेरचा, त्यामुळं सेशनबरोबर मरत नाही. अंगठा दाबून धरला की ती आत. चुकून लागलेल्या हलक्या दाबाला तो दाद देत नाही. आत आल्यावर आधी कीबोर्ड, मग आवाज, नेहमीचा क्रम.

स्वतः खुर्चीत बसून, हात मांडीखाली घालून, एका अंगठ्यानं बाहेर-आत करून पाहिलं. बराच वेळ करत राहिलो. हलायचं नाही असं ठरवल्यावर नाकाला खाज सुटते.

बटणावर काय लिहायचं ते तिला विचारलं. मी 'बाहेर पडा' घातलं होतं.

"घरांतून असें कोणास हाकलतात?"

मग 'बंद करा'. ते वाचून नुसतं डोळे फिरवले.

"येत्यें. असें लिही."

आमच्या घरात उंबऱ्यावर 'जातो' म्हणायची कोणाची टाप नव्हती. लहानपणी मी एकदा 'शाळेत जातों' म्हणून पळालो, तर अप्पांनी कोपऱ्यावरून परत आणून उंबऱ्यात उभं केलं. 'येतों' म्हणाल्यावर सोडलं. इथले तमिळ शेजारीही तसंच, जाऊन येतो म्हणतात. जाणाऱ्यानं परतीचं आधी बोलायचं.

तर बटणावर 'येत्यें'. दाबलं की ती बाई तेवढं म्हणते आणि मग सगळं मिटतं.

एक प्रश्न मात्र येतो, जायच्या आधी: आहे तसं ठेवायचं का? होय, नाही. मी तो काढणार होतो. अक्का म्हणाली राहू दे. पण रोज 'नाही'च दाबीन म्हणाली.

"वर्ग सोडतांना फळा पुसून जायचा."

सेल्वीला हे सांगितलं तर तिला शाळा आठवली. टीचर रोज स्वतः फळा पुसायच्या, कोणा मुलीला पुसू द्यायच्या नाहीत. फक्त एखादं गणित अर्धं राहिलं, घंटा झाली, तर मात्र कोपऱ्यात चौकट करून लिहायच्या, 'अळिक्कादे.' पुसू नका. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. दुसऱ्या विषयाच्या बाई वैतागायच्या, उरलेल्या फळ्यावर कसंबसं लिहायच्या. पण त्याला कोणी हात लावायचं नाही.


१५ जुलै

रोज दिवेलागणीला: "येत्यें."

स्क्रीन काळी. अक्का डोळे मिटून बसते. घरात पंख्याचा आवाज तेवढा. मागच्या आठवड्यातही ती गप्पच होती, पण हे गप्प बसणं वेगळं आहे. चेहरा सैल असतो.

मला मात्र सकाळी तिनं स्विच दाबून धरेपर्यंत चैन पडत नाही. कॉफी घेऊन तिथंच उभा राहतो. आज म्हणाली, "पाहरा कां देतोस? पाल्य जागें आहे." गंमत करावीशी वाटते तिला अजून.


२१ जुलै

अंगठा दमतोय. स्विच थोडा पुढं सरकवला, उजेडाचा वेग आणखी कमी केला. एका वाक्याला आता माझी पूर्ण कॉफी होते.

रात्रीचा मास्क सुरू झाला. नाकावर व्रण पडतो. सेल्वी कापसाची घडी ठेवते.

जेवायला मी एकटा. रसवांगी केली होती, अक्काच्या हातासारखी होत नाही. वाटीभर तिच्या नाकापाशी धरली. वास घेतला. "चिंच जास्ती." होतीच.


२७ जुलै, रविवार

डॉक्टरांचा फोन. पुढच्या सोमवारी, चार तारखेला, या. उत्तर घेऊन या. श्वास एकदम बिघडला आणि ठरलेलं नसलं तर त्या धावपळीत दुसरंच कोणीतरी ठरवतं, आणि तसं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

अक्काला सांगितलं. मग विचारलंच. राहवेना. अक्का, काय ठरवलंस?

"डॉक्टरांस सांगेन."

मला?

"तुज नाही. तुज सांगटलें तर तूं तें बदलायला बसशील. सेटिंगसारखें."

राग आला. उठलो. दारापर्यंत जाऊन परत येऊन बसलो, कारण ते खरं होतं. आत्तासुद्धा मनात मुद्द्यांची रांग लावतोय, कुठला आधी, कुठला मागून.


१ ऑगस्ट

अक्काचं काम निघालं. फार वेळ लिहीत होती म्हणून जवळ गेलो, तर ते माझ्यासाठीच होतं.

"बाहेर पडतांना होय म्हटलें तर अर्धें लिहिलेलें राहतें का?"

राहत नाही. से.मॅ. फक्त खिडक्या लक्षात ठेवतो, कोणती कुठं होती, केवढी होती. आत काय लिहिलं होतं ते त्या खिडकीनं स्वतः सावरायचं असतं, आणि आमची ही खिडकी बिनडोक आहे. सावर म्हटलं की नुसतं 'झालं' म्हणते.

"शिकीव तिला."

दिवस गेला त्यात. आता निरोप आला की ती आधी मजकूर फाइलीत ठेवते, मगच 'झालं' म्हणते. आणि परत उठली की त्याच अक्षरापाशी, जिथं थांबली होती तिथं. तिला अंमळ वेळ लागतो म्हणून से.मॅ.ची थांबायची मुदत वाढवली. उत्तर आलं नाही म्हणून कोणाला मधेच मारायचं नाही.

'कखगघ' लिहून तपासलं. राहतं.

मग तिनं विचारलं, "तुज दिसेल?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, मी रूट आहे अक्का, मला सगळं दिसतं. पण बघणार नाही.

"पाहिलेंस तर मज कळेल."

कसं?

"तुझें तोंड पाहून."


३ ऑगस्ट, रविवार

आडिप्पेरुक्कु, नदीच्या चढत्या पाण्याचा सण. कावेरीला पाणी आलंय. सकाळपासून बायकांची घाटाकडं रीघ, हळदीचे दोरे, फुलं, डब्यांतून भात. सेल्वीला आज सुट्टी घे म्हटलं तरी आली, पूजा आटपून, केस ओले. येताना चिंचेचा भात, लिंबाचा भात, आणि टीचरसाठी हळदीचा दोरा. मनगटाला बांधला, डाव्या, अंगठ्याच्या वर. भाताचा वास दिला. अक्कानं डोळे मिटून हो म्हटलं.

दुपारी अक्का म्हणाली, "आवाज बंद कर. आणि तूं बाहेर बस."

त्या बाईचा आवाज बंद केला. मी पुढच्या ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलो. नदीवरून परतणारी माणसं. कोणी विचारलं, अक्का कशा आहेत? म्हटलं, लिहितायत. आतून काही ऐकू येत नव्हतं. स्विचचा टिक तेवढा, फार वेळानं एक. मग पुन्हा फार वेळानं. किती वेळा वाटलं मान वळवावी. दारातून स्क्रीन सरळ दिसते.

ऊन उतरलं. टिक थांबले. मी वाट पाहिली. मग हाक आल्यासारखं वाटलं, पण हाक कोण मारणार? आवाज बंद होता. सेल्वी दारात येऊन उभी होती.

आत गेलो. प्रश्नाची चौकट लिहायच्या खिडकीवर आलेली, खालचं मी पाहिलं नाही, खरंच नाही पाहिलं; चौकटीवरच डोळे ठेवले. आहे तसं ठेवायचं का? उजेड 'नाही'वर आला. रोज इथंच दाबते. अंगठा हलला नाही. उजेड 'होय'वर गेला. अंगठा थरथरला, दोरा हलला, आणि उजेड निघून गेला. चुकलं. पुन्हा 'नाही'. पुन्हा 'होय'.

दाबलं.

से.मॅ. सगळ्यांकडं फिरून आला. लिहायच्या खिडकीनं वेळ घेतला, तिला शिकवलंय तसा. मग तीही मिटली, आणि स्क्रीन काळी झाली. अक्कानं डोळे मिटले. दमली होती, पण चेहरा सैल.

माझ्यामागं सेल्वी हलक्या आवाजात म्हणाली, "अळिक्कादे."

गाडी उद्या सकाळची सांगितली आहे. सेल्वीला म्हटलंय, घाई करायची नाही, खुर्ची उचलायच्या आधी टीचरना स्विच धरू दे, खिडकी जिथं थांबली तिथून उठू दे. उरलेलं ती वाटेत लिहील, किंवा डॉक्टरांसमोर. ती फाइल इथंच आहे, माझ्याच नावाच्या मशीनवर, एका आदेशाच्या अंतरावर. उघडलेली नाही.